रानतुळशीवरचे बोलावणे

४ सप्टेंबर, बुधवार

ज्याच्या श्वासातून पहिला नाद उमटला आणि ज्याच्या मौनात अखेरचा नाद विरणार आहे, त्या सांब सदाशिवाला, आणि बालपणी माझ्या कानात पंचाक्षरी सांगणाऱ्या गुरूला वंदन करून ही वही उघडतो. जे खरे उतरेल ते त्यांचे. जे चुकेल ते माझे.

चार वर्षांत दैनंदिनी लिहिली नाही. लिहावे असे काही घडत नव्हते. परवा मात्र टेकडीवर एक माणूस वाढले. भक्तनिवासाच्या दुसऱ्या खोलीत मुरुम गावची एक मुलगी राहायला आली आहे. नाव निखत, वय अठ्ठावीस. देवळामागच्या रानात तिन्हीसांजेला जे कीटक गातात, त्यांच्या गाण्यावर आसपासच्या आवाजांचा काय परिणाम होतो, हा तिचा अभ्यास. नर गातो तो मादीला बोलावण्यासाठी. मादी मुकी असते. ती आवाजाच्या रोखाने चालत येते. मध्येच दुसरा मोठा आवाज आला तर नर काय करतो आणि मादीला वाट सापडते की नाही, एवढाच प्रश्न. विद्यापीठाने त्यासाठी तिला तीन वर्षे दिली होती. हे तिसरे.

मी तिला म्हटले, आपल्या जुन्या कवींनी अरण्याचे वर्णन केले की त्यात झिल्लीचा, म्हणजे रातकिड्याचा, नाद येतोच. परंतु ती कोणाला हाक मारते, हे कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही.

"चला, म्हणजे मला काम शिल्लक आहे," असे म्हणून ती हसली. मग तिने विचारले, "गुरुजी, तुमचा पाठ रोज किती वाजता असतो?"

"साडेसहा ते सव्वासात. अकरा वर्षांत एकच दिवस चुकला."

तिने वेळ लिहून घेतली. इतक्या आस्थेने विचारणारे माणूस बऱ्याच दिवसांनी भेटले.

८ सप्टेंबर, रविवार

सकाळी शिवांजलीचा पुण्याहून फोन. प्रकृती, गोळ्या, पाऊस. "बाबा, दिवाळीपर्यंत इकडंच या ना." मी म्हटले, मग इथला पाठ कोण करील? "बरं. ठेवते," म्हणाली. मुलीला नोकरीची घाई असते.

सायंकाळचा पाठ आटोपून देवळाबाहेर आलो, तर निखतने मला रानाच्या कडेला नेले. मागून श्रीमंतही आला. श्रीमंत हा आमच्या देवळाचा गुरव. पूजा, झाडलोट आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर शेरा, ही तीन कामे तो नेमाने करतो. रानतुळशीच्या एका झुडपावर निखतने तांबड्या उजेडाची बॅटरी धरली. तांदळाच्या दाण्याहून थोडा लांब, फिकट हिरवा, काचेसारख्या पंखांचा एक कीटक पानाच्या मधोमध पडलेल्या भोकात बसला होता.

"भोक त्यानंच पाडलंय, कुरतडून," ती हळू आवाजात म्हणाली. "भोकात बसून पंख पानाला टेकवतो. मग पानच त्याचा भोंगा होतं. आवाज कितीतरी लांब जातो."

"सगळेच असे करतात?"

"नाही गुरुजी. ज्याचा आवाज मुळात बारीक, तोच पान शोधतो. दणदणीत आवाजवाल्याला गरजच नसते."

"लई हुशार हाय," श्रीमंत म्हणाला. "आपल्यातबी हायत तसले."

तो माझ्याकडे पाहून का हसला, कळले नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज मन कडवट झाले आहे. जसे घडले तसे लिहितो.

दुपारी निखतने तिच्या संगणकावर आवाजाचे चित्र दाखवले. वर रुंद काळा पट्टा, खाली पेन्सिलीने ओढावी तशी बारीक रेघ.

"हा पट्टा कशाचा?"

"तुमच्या पाठाचा. खालची रेघ त्या किड्याची." तिने बोट ठेवले. "पाठ सुरू झाला की रेघ तुटते, बघा. देवळापासून दोनशे पावलांच्या आत तर सव्वासातपर्यंत तो पंखच उघडत नाही. लांबचे गातात, पण पिंजऱ्यातून सोडलेली मादी नुसती भटकते. तिला दिशाच कळत नाही. आणि त्यांचा खरा वेळ तोच असतो गुरुजी, अंधार पडतानाचा पहिला तास. पंख फुटल्यावर जेमतेम महिना-दीड महिना जगतात."

मग तिने मागणी केली. दहा संध्याकाळी देवळावरचा ध्वनिवर्धकाचा कर्णा बंद ठेवायचा. गणपती उठल्यापासून घटस्थापनेपर्यंत पितृपंधरवडा. त्यात डीजे नाही, लग्न नाही, मिरवणूक नाही. "वर्षातले तुमचे सगळ्यात शांत पंधरा दिवस तेच. उरतो तो फक्त..." तिने वाक्य सोडून दिले. नवरात्रात पुन्हा गोंगाट होणार, पुढे थंडीने हे कीटक मरणार, आणि पुढच्या भाद्रपदात ती विद्यापीठात नसणार. शांत दिवस मिळाले नाहीत तर तीन वर्षांचे काम अर्धवट राहील.

मी नाही म्हटले.

त्याचे कारण इथे लिहून ठेवणे योग्य. २०१३ साली माझ्या पत्नीचे, शिवम्माचे, अंग उजव्या बाजूने गेले. ती खाली गावातल्या घरी खिडकीजवळ पडून असे. तिला टेकडीवर आणणे शक्य नव्हते. रोजचे स्तोत्रपाठ ऐकण्याची तिची सवय लग्नापासूनची. म्हणून मी देवळावर कर्णा बसवून घेतला. सात वर्षे ती खालून ऐकत होती. २०२० मध्ये ती वारली, लिंगैक्य झाली, आणि मी वरच राहायला आलो. पाठ थांबवण्याचा प्रश्न नव्हता. तोवर गावाला त्याची सवय झाली होती. गावाच्या कानावर दिवसातून एकदा चांगले शब्द पडावेत, एवढाच माझा हेतू आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

ज्याला आपण पशुपती म्हणतो, त्याच्या प्रजेत हा कीटकही आला. त्याच्याच दारात उभे राहून त्याच्या प्रजेचे बोलणे बुडवायचे, हे कोणत्या भक्तीत बसते? तीन दिवस उत्तर शोधले. सापडले नाही. निखतला होकार दिला.

प्रामाणिकपणे दुसरेही एक कारण लिहितो. आवाज दोन दिवस आला नाही की गावातून माणसे टेकडी चढतील, काय झाले म्हणून विचारतील. बसवेश तर नक्की येईल. तो पंच आहे आणि माझा विद्यार्थी होता.

श्रीमंत म्हणाला, "किड्यासाठी गुर्जी गप. उद्या मुंगीनं अर्ज केला तर मीबी झाडू ठिवतो."

१८ सप्टेंबर, बुधवार

ऐन वेळी विघ्न. निखतची आजी अजीजाबी मुरुमला ओसरीवरून पडली, खुब्याचे हाड मोडले. निखतला जाणे भाग होते. मुलीचा चेहरा उतरला होता; आजीसाठी की कामासाठी, हे तिलाही सांगता आले नसते. मी म्हटले, नोंदी मी ठेवतो, एकोणचाळीस वर्षे हजेरी घेतली आहे.

ध्वनिमुद्रणाचे यंत्र आपोआप चालते. देवळामागे आमच्या जमिनीच्या तुकड्यात शिवम्माची समाधी आहे. तिच्या शेजारच्या हिवराच्या झाडाला ते बांधले आहे, कारण रानतुळस तिथेच दाट. मी रोज तिथे बसून एका तक्त्यात लिहायचे: उष्णतामान, वारा, गाणे सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, थांबण्याचे कारण.

"आणि शांतता गुरुजी. बाकी काही नाही," ती एसटीत चढताना म्हणाली.

साडेसहाला ध्वनिवर्धकाचे बटण स्वतःच्या हाताने बंद केले.

१९ सप्टेंबर, गुरुवार

गाणे सुरू ६.५१. वारा नाही. थांबण्याचे कारण: माहीत नाही.

कर्णा बंद असला तरी नेम मोडायचा नव्हता. गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेतले आणि समाधीजवळ बसून पाठ उघड्या गळ्याने म्हटला. खूप वर्षांनी स्वतःचा खरा आवाज ऐकला. थोडा कापरा झाला आहे. पाठानंतर थोडे इकडचे तिकडचे बोलून परतलो.

२२ सप्टेंबर, रविवार

सुरू ६.४९. मध्येच थांबतो, पुन्हा सुरू करतो. कारण: माहीत नाही.

गावातून अद्याप कोणी आले नाही. पंधरवड्यात घरोघरी गडबड असते. बसवेश बेंबळीच्या बाजाराला गेला असावा.

आजही पाठानंतर बराच वेळ बसलो. गुडघा धरतो, भाकरी थापताना काठ फाटतो, लिंबाचे लोणचे संपून दोन महिने झाले, असल्या गोष्टी निघाल्या. उठताना लक्षात आले, की अर्धा तास कसा गेला ते कळले नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

आठ दिवस झाले. कोणी विचारले नाही.

सकाळी बसवेश खाली रस्त्यावर भेटला. सोयाबीन, पाऊस, माझा मोतीबिंदू, सगळे बोलला. निघताना मीच म्हटले, "सध्या संध्याकाळी कर्णा बंद असतो."

"व्हय का?" तो म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. मनात काही काम असेल.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

दहावी संध्याकाळ पूर्ण. एकही नोंद चुकली नाही. शिक्षकाने दिलेले काम विद्यार्थ्याने पुरे करावे, तसे वाटले.

२८ सप्टेंबर, शनिवार

निखत दुपारी परतली. आजीची शस्त्रक्रिया नीट झाली. तक्ता पाहून म्हणाली, "काय अक्षर आहे गुरुजी." मग कानाला लावायचे यंत्र लावून ती दहा दिवसांचे आवाज ऐकत बसली. तासाभराने मी चहा घेऊन गेलो, तर तिने ते काढून मांडीवर ठेवलेले होते.

"गुरुजी, यात तुम्ही आहात."

"मी?"

"दहाही दिवस."

मला प्रथम कळेना. कर्णा तर बंद होता. पाठ मी अगदी साध्या गळ्याने केला. तो आवाज नव्हे, ती पूजा. हे वाक्य बोलतानाच माझ्या लक्षात आले, की हिवरावरच्या यंत्राला हा भेद कोणी शिकवलेला नाही. एकोणचाळीस वर्षे मुलांना 'शांत बसा' सांगताना मी स्वतः बोलतच असे.

ती रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "मीच नीट सांगायला पाहिजे होतं." मग संगणक माझ्याकडे वळवला. "एक बघा पण. हे तुमचे शब्द. इथं तुम्ही श्वास घेता. आणि इथं, त्या श्वासाएवढ्या फटीत, तो गातोय. तुम्ही सुरू केलं की थांबतो. पुढच्या श्वासाला परत. कर्णा असताना घुमण्यामुळं फटच राहत नव्हती."

मी किती तरी वेळ ती चित्रे पाहिली. दहा दिवस तो माझ्या श्वासांमध्ये आपले बोलावणे बसवत होता.

"पाठानंतरही काही आहे का त्यात?" मी विचारले.

"ते मी पुढं ढकललं. ऐकलं नाही," ती म्हणाली आणि चहाचा कप उचलला.

घटस्थापना गुरुवारी. उद्यापासून चार संध्याकाळी उरतात. चारही निर्मळ मिळाल्या तर काम उभे राहू शकते, तीन मिळाल्या तर नाही, असे ती म्हणते.

२९ सप्टेंबर, रविवार

निखतने सकाळी लिंबाच्या लोणच्याची बरणी आणून दिली. मुरुमहून आईने दिली म्हणे. काय योगायोग असतो.

दहाच्या सुमारास तिला कर्ण्याची उंची आणि दिशा मोजायची होती. तिने श्रीमंतला शिखरामागच्या मचाणावर चढायला सांगितले. तो कुरकुरला. गुडघा, निसरडे, आजचा वार. शेवटी तीच चढली आणि वरून म्हणाली, "गुरुजी, याचं तोंड रानाकडं आहे."

"गावाकडे आहे," मी खालून म्हटले. "मी बसवून घेतला आहे."

श्रीमंतने झाडू भिंतीला टेकवला. "रानाकडंच हाय, गुर्जी. म्याच फिरवला."

"केव्हा?"

"बाई गेल्या, त्याच्यावर दोन म्हैन्यानं. पोरांची मोबाइलवर शाळा चालू हुती. बसवेश पंच आले, अजून चार जण आले. म्हणले, बाई होत्या तवर आमी काय म्हणलो न्हाई, त्यांच्यासाठी हाय म्हणून. आता गुर्जींना दुखवू नगो, निस्तं तोंड फिरव."

"सात वर्षे त्यांना त्रास होत होता?"

"त्रास म्हंजी... बातम्याच्या वक्ताला यायचा वो तुमचा पाठ."

"आणि मला चार वर्षे कोणी सांगितले नाही."

"काय सांगायचं? तुमी रोज एवढं झोकात म्हणत हुता." झाडू पुन्हा उचलत तो म्हणाला, "अन् अगदीच कुणी ऐकत न्हवतं असं न्हाई. रान हुतं की."

निखत मचाणावरून उतरली होती. ती मोजपट्टी गुंडाळू लागली.

दुपारी मी स्वतः शिवांजलीला फोन केला. तुला ठाऊक होते का, असे विचारले.

"हो बाबा," ती म्हणाली. "बसवेशकाकांनी मला विचारूनच केलं."

"तूही बोलली नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणणं थांबवलं असतं. मग दिवसभरात कुणाशी बोलला असतात?"

मी फोन ठेवला.

संध्याकाळी निखतला म्हटले, की नोंदीसाठी दुसरे कोणी पाहा. माझ्यावर आता माझाच विश्वास नाही.

"जागा दोन आहेत आणि मी एक," ती म्हणाली. "लांबच्या पिंजऱ्यांपाशी मला थांबावं लागतंय. इथं तुम्हीच पाहिजेत. श्रीमंतमामांना बसवलं तर यंत्रात फक्त श्रीमंतमामाच येतील."

"मग काय," श्रीमंत म्हणाला. "माझ्या गळ्यानं किडाच पळून जाईल."

साडेसहाला समाधीजवळ जाऊन बसलो. ओठ मिटलेले. इष्टलिंग तळहातावर, जप मनात. सुरू ६.५०. थांबला ७.३२. कारण: वारा.

३० सप्टेंबर, सोमवार

सुरू ६.४९. फार अवघड गेले. पाठ मनात म्हणता येतो. त्यानंतरचे बोलणे मनात म्हणता येत नाही. तिथे बसून शिवम्माशी न बोलणे, असे चार वर्षांत घडले नव्हते. जीभ दोनदा हलली. टाळूला दाबून धरली. थांबण्याचे कारण: पावसाची सर.

१ ऑक्टोबर, मंगळवार

सुरू ६.४७. तो पानात बसलेला आहे, तोच, भोकाच्या काठावरून ओळखतो. अगदी बारीक आवाजाचा असला पाहिजे. पाऊण तास अखंड गायला. कोणी आले नाही. कंटाळत कसा नाही, हे त्याला विचारावेसे वाटले. परंतु तेही बोलणेच.

मी ज्यांना ऐकवत होतो असे समजत होतो, ते ऐकत नव्हते. आणि ज्याने कधी ऐकायला मागितले नाही, त्याचे चार वर्षांचे संसार मी बुडवले. याचे प्रायश्चित्त कोणत्या ग्रंथात शोधावे, ठाऊक नाही. सध्या गप्प बसणे एवढेच हाती आहे.

२ ऑक्टोबर, बुधवार, अमावास्या

चौथी आणि शेवटची संध्याकाळ.

सुरू ६.४८. आकाश स्वच्छ, वारा नाही. रानात एकामागून एक पुष्कळ जण लागले. समाधीच्या दगडापासून टेकडीच्या उतारापर्यंत नाद पसरला. मी जवळच्या एकट्याकडे कान ठेवून होतो. ७.१० ला तो अचानक थांबला.

माझ्या हातून काही घडले असे वाटून घाबरलो. खोकलो नव्हतो. पाय हलला नव्हता. श्वासही जपून घेत होतो. तांबडा उजेड पानावर धरला. झुडपाच्या देठावरून दुसरी एक, त्याच्याएवढीच, लांब मिशा पुढे चाचपत, थांबत थांबत वर येत होती. पानाच्या काठाशी ती जरा घुटमळली. तो भोकातून बाहेर आला होता आणि पंख उभारून स्तब्ध होता. मग ती त्याच्या पाठीवर चढली. दोघांपैकी कोणाचाही आवाज नव्हता.

दिवा विझवला. तक्त्यात 'थांबण्याचे कारण' या रकान्यात लिहिले: आली.

त्यानंतर मी तसाच बसून राहिलो. शिवम्माला हे सांगावे असे अगदी ओठांवर आले होते. तिला अशा गोष्टी आवडत. यंत्र साडेआठपर्यंत चालू होते. ते बंद झाल्यावरही बोललो नाही. प्रथमच असे वाटले, की तिला जे ऐकायचे होते ते तिने सात वर्षे खिडकीजवळ पडून ऐकले आहे, आणि पुरेसे ऐकले आहे.

निखत लांबच्या जागेवरून परतली तेव्हा मी तक्ता तिच्या हाती दिला. तिने तो उजेडात धरला. एका शब्दापाशी बराच वेळ थांबली. "हा रकाना मी यंत्राला कधीच भरायला लावू शकले नसते, गुरुजी," एवढेच म्हणाली. तिच्या चारही संध्याकाळी निर्मळ आहेत. ती उद्या सकाळच्या गाडीने जाते.

श्रीमंतला सांगितले आहे, उद्या मचाणावरून कर्णा उतरव. पाठ गाभाऱ्यात होईल, देवाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. तो म्हणाला, "अन् मग संध्याकाळी काय करणार तुमी?" मी म्हटले, काही दिवस पुण्याला जाऊन यावे म्हणतो. आजवर शिवांजलीला मी पुष्कळ ऐकवले. ती काय म्हणते ते फारसे ऐकले नाही.

ही वही कधी कोणाच्या हाती पडली, तर त्या वाचणाऱ्याचे, मग तो कोणत्याही देवाचे नाव घेणारा असो, सदाशिव कल्याण करो. त्याचे बोलावणे ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोहोचो. त्याला बोलावणाऱ्याचा आवाज कितीही बारीक असला, तरी त्याच्या कानी पडो. आणि ज्याची वाट पाहिली ते माणूस जवळ आल्यावर, गप्प राहण्याचे सुख सर्वांना लाभो.